सुपडूची गळकी घागर

नळ यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा विहिरी खोल होत्या आणि माणसं, असं म्हणतात, आजच्याइतकीच उथळ होती.

खानदेशात, गिरणा नदीपासून आत काळ्या मातीत बोरमळी नावाचं एक गाव आहे. तिथं सुपडू नावाचा गाडीवान राहायचा. कापसाची गाडी घेऊन तो जिनिंगच्या कारखान्यात जायचा आणि परत यायचा तो पुन्हा जाण्यासाठीच. त्यामुळे स्वतःच्या घराची पुढची बाजू त्याला बऱ्यापैकी ठाऊक होती. मागची बाजू त्याच्या बायकोची, धुरपदाची होती.

मागे परस होतं. उन्हाळ्यात धुरपदा उजाडायच्या आत विहिरीवरून पाणी आणायची, झाडांची आळी उकरायची, त्यांत पालापाचोळा पसरायची, न्हाणीचं पाणी अळवाकडे वळवायची. दोडक्याच्या वेलाला तुराट्या बांधायची. बाजेवर सांडगे वाळत घालून कावळ्यांना शिव्या द्यायची. उन्हं कलली की अंगणात पाणी शिंपडायचं आणि लेकीला, केसरला, घेऊन मोगऱ्याच्या कळ्या तोडायला बसायचं. थोड्या कळ्या केसांत, उरलेल्या रांजणात. त्या रांजणाचं पाणी प्यायला लोक निमित्त काढून येत, असं म्हणतात. तोताराम पाटील भांडणं मिटवायला म्हणून येत, आणि शेजारी भांडण नसलंच तर आधी लावून देत.

मग केसरचं लग्न झालं, ती दूर तापीपलीकडे गेली. आणि पाठोपाठ पावसाळ्यात धुरपदा तापानं गेली.

सुपडूनं गाडी सोडून दिली. आता घरात राहायचं, असं त्यानं ठरवलं, पण घरात राहायचं म्हणजे काय करायचं ते त्याला सांगायला कोणी नव्हतं. उन्हाळा लागला तसा तो परसात शिरला. गवत समजून त्यानं कोवळी गवार उपटली. वेल फार पसरलाय म्हणून तो छाटला. पाणी घालायचा तो भर दुपारी, कारण त्याला स्वतःला तहान तेव्हाच लागायची. शेजारच्या भागाबाई कुंपणावरून हे सगळं बघत.

"सुपडूभाऊ, झाडं काय बैल आहेत का? दुपारी पाणी दाखवून कुठं निघालात त्यांना घेऊन?"

"भागावहिनी, पाणी ते पाणी. दुपारचं काय अन् सकाळचं काय."

"तर मग चहाही एकदाच करून ठेवा. आठवडाभर प्या."

चैत्र उजाडला तेव्हा परसात करपलेला अळू होता, तुराट्या होत्या आणि मोगऱ्याच्या जागी काटक्यांची एक मोळी होती.

खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षयतृतीयेला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं नवी घागर भरून पुजतात. धुरपदाची ती पहिलीच घागर. पण केसरनं गावोगाव फिरणाऱ्या कासाराजवळ निरोप पाठवला: आई नाही, तर या आखाजीला येऊन काय करू? पुढं बघू.

सुपडू उंबऱ्यावर बसून ऐकत होता. पुढं बघू म्हणजे काय, ते इतकी वर्षं गाडी हाकणाऱ्या माणसाला कळतं. एकदा चुकलेली वाट पुढच्या वर्षी आणखी चुकते. पोरगी या वर्षी आली नाही तर कधीच येणार नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि तो बोलून गेला,

"तिला सांग, आईचा मोगरा फुललाय."

कासारानं काटक्यांकडे बघितलं. मग सुपडूच्या तोंडाकडे बघितलं. मग बांगड्यांची पेटी उचलली. कासार बायकांच्या संगतीत जन्म काढलेला माणूस. कुठं काय बोलायचं नाही हे त्याला समजायचं. कुठं काय वाढवून सांगायचं हेही समजायचं. तापीपलीकडे पोचेपर्यंत त्या निरोपातला मोगरा कौलांपर्यंत चढला होता, असं म्हणतात.

इकडे सुपडू काटक्यांसमोर बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो दुपारची वाट न बघता पहाटे उठून विहिरीवर गेला. पण विहीरही तळाला गेलेली. घरटी पाण्याची वाटणी ठरलेली. सुपडूनं आपल्या वाटणीतलं पिण्यापुरतं ठेवलं आणि बाकीचं मोगऱ्याला घातलं. त्या उन्हाळ्यात त्यानं अंघोळ केली की नाही, याबद्दल बोरमळीत अजून दोन मतं आहेत. पण जमीन इतकी तापलेली, की पाणी चर्र करायचं आणि दिसेनासं व्हायचं.

मग त्यानं आखाजीसाठी कुंभाराकडून घागर आणली. गडबडीत, न वाजवता आणली. घागर घेताना ती वाजवून घ्यायची असते, हे बोरमळीतल्या लहान पोरीलाही माहीत. पण घागर आणणं हे त्या घरातल्या मागच्या बाजूचं काम होतं. नवी घागर मुरायला हवी, म्हणून सुपडूनं ती भरली आणि कुठं सावली दिसेना तर मोगऱ्याच्या काटक्यांना टेकवून ठेवली. सकाळी बघतो तर अर्धी.

"गळकी आणलीत," भागाबाई कुंपणावरून म्हणाल्या. "जा, बदलून आणा. आणि या वेळेला बोट वाकवून टकटक करून बघा. डोक्यावर नाही, घागरीवर."

सुपडू घागर उचलायला वाकला. खालची माती ओली होती, आणि गार. इतकी गार माती त्यानं त्या उन्हाळ्यात पाहिली नव्हती. आणि एका काटकीवर हिरवा ठिपका होता, मुंगीच्या डोक्याएवढा. सुपडूनं घागर परत ठेवली. मग खुरपं आणलं, मोगऱ्याच्या मुळाशी खड्डा केला आणि घागर गळ्यापर्यंत मातीत बसवली.

गावात कोणी विचारलं, की रोज घागर भरतोस आणि रोज रिकामी होते, हे काय? तर तो म्हणायचा, "धुरपदा पिते." लोकांना ते पटलं. गळकी घागर मानण्यापेक्षा तहानलेली धुरपदा मानणं सोपं गेलं असावं. भागाबाईंना खरं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. हा त्या गोष्टीतला सर्वांत मोठा चमत्कार, असं म्हणतात.

आखाजीच्या आदल्या दिवशी तोताराम पाटील दोन माणसं घेऊन परसात आले. रोज रिकामी होणारी घागर गळकीच असणार, एवढं त्यांना कळत होतं.

"सुपडू, ही घागर चालायची नाही. गळकी घागर पुजायची म्हणजे काय? परलोकाच्या अर्ध्या वाटेत पाणी संपलं तर धुरपदानं कोणाला हाक मारायची?"

"धुरपदानं कधी कोणाला हाक मारली, पाटील?" भागाबाई पलीकडून म्हणाल्या. "रांजणातून तुमची भांडी भरून दिली, तेव्हा तरी मारली का?"

पाटलांनी ऐकू न आल्यासारखं केलं, हे त्यांना चांगलं जमायचं. त्यांनी माणसांना खूण केली. दोघांनी घागरीच्या गळ्याला हात घातला. घागर हलेना. माती उकरली, पुन्हा ओढली. हलेना. मग पाटील स्वतः वाकले आणि खाली बघून थबकले. मोगऱ्याची मुळं घागरीच्या चिरेतून आत शिरली होती आणि बाहेरूनही तिला चहूकडून धरून बसली होती, लहान मूल पदर धरतं तशी. घागर ओढली की सगळं झुडूप थरथरायचं. आणि त्या थरथरीत पानांखाली लपलेल्या कळ्या गळून पाटलांच्या पागोट्यावर पडल्या.

पाटलांनी पागोटं काढलं. कळ्या ओंजळीत घेतल्या. बराच वेळ वास घेतला.

"राहू द्या," ते म्हणाले. "पूजा इथंच करा. ती इथंच असायची."

आखाजीच्या सकाळी केसर आली. पुढच्या दारानं नाही. पुढच्या दारात आई दिसणार नाही, म्हणून ती वळसा घालून मागच्या फाटकानं आली. परसात पाय ठेवला आणि उभी राहिली. त्या एका सकाळी इतका मोगरा फुलला होता की मातीत बसवलेली घागर दिसत नव्हती आणि वास विहिरीपर्यंत जात होता, असं म्हणतात. भागाबाईंच्या घराण्यात मात्र सांगतात, की फुलं ओंजळभर होती, पण होती.

"आबा, कधीपासून फुललाय?"

"काल रात्रीपासून."

"कासार तर महिन्यामागं सांगून गेला."

सुपडूनं मुंडासं सारखं केलं. "त्याचं गाव लांब. त्याला लवकर निघावं लागतं."

केसर हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता मोगऱ्याशी बसून रडली. सुपडू तिच्याशेजारी बसला. त्यानं तिला काकडी कापून दिली, वर मीठ घालून. ती तिनं सगळी खाल्ली. मग उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "आबा, दोडक्याचं काय करून ठेवलंत हो तुम्ही?"

पुढं दर आखाजीला ती आली. सुपडू गेल्यावरही आली.

आज बोरमळीत आखाजीची घागर देव्हाऱ्यापुढं ठेवत नाहीत. परसात, झाडाच्या मुळाशी, गळ्यापर्यंत पुरतात आणि सकाळी भरतात. परस नसेल तर डालड्याच्या डब्यातल्या तुळशीशेजारी छोटं मडकं पुरतात. कुंभार मुद्दाम चिरेची घागर घडवतात आणि धडधाकट घागरीपेक्षा तिचा जास्त भाव सांगतात. भक्तीचा धंदा कसा करावा हे कुंभारांना शिकवावं लागत नाही. ज्येष्ठ सरेपर्यंत त्या घागरी भरत राहतात. पाणी कुठं गेलं असं कोणी विचारलं, तर लहान पोरंसुद्धा म्हणतात, "धुरपदा पिते."

आणि त्या दिवशी बोरमळीतल्या एकाही परसाचं मागचं फाटक लावलेलं नसतं. आई नसलेली कुठलीही लेक, या गावची असो नसो, कोणाच्याही परसात यावी, हवी तेवढी फुलं तोडावी, बाजेवर बसावं. तिला नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. घरातलं जे कोणी बाहेर येईल ते तिच्या हातात मीठ लावलेली काकडी ठेवतं आणि म्हणतं,

"किती उशीर केलास गं माय."