राळेच्या दारूची तारीफ

फार फार जुन्या काळातली ही गोष्ट. समुद्रापलीकडे ग्रीक लोकांचा एक सम्राट होता. त्याचा थाट काय सांगावा! सिंहासनापुढे पितळेचे सिंह डरकाळ्या फोडत आणि सोन्याच्या झाडावर सोन्याचे पक्षी गात.

एकदा एका छोट्या बेटाचे खलाशी वादळात भरकटून त्याच्या बंदराला लागले. हेर समजून त्यांना कैद झाली. त्यांना सोडवायला बेटाचा म्हातारा मुखिया गलबत घेऊन आला. त्या खलाशांत त्याचा लेकही होता.

दरबाराच्या दारात कारभाऱ्याने बजावलं, "आधी लोटांगण घाला, आजोबा. आणि सम्राट देतील ते प्या. इथे नाही म्हणत नाहीत."

मुखियाने लोटांगण घातलं. डोकं वर केलं तर काय, सिंहासन सम्राटासकट यंत्राने वर चढून आढ्यापाशी! तेवढ्यात पेला आला. दारू द्राक्षांचीच, पण तिच्या रांजणांना आतून झाडाची राळ फासलेली. पहिल्याच घोटाला वाटलं, आपण होडीचं बूड चाटतोय. तरी तो घाबरून म्हणाला, "अमृत! असं अमृत जन्मात प्यालो नाही!"

"मग याचं गलबत याच रांजणांनी भरून द्या," वरून सम्राट खुशीत म्हणाला.

कारभारी कुजबुजला, "आता निघा. इथे पाहुण्याला एकच देणगी मिळते."

मुखिया जागचा हलला नाही. लेकाच्या जागी रांजण घेऊन घरी जायचं? तो पुन्हा आडवा झाला.

"सरकार, खोटं बोललो. आम्ही होडीला राळ फासतो ना, तीच चव लागली जिभेला. मला दारू नको, तुमच्या कैदेतली माझी पोरं द्या."

कारभाऱ्याने तर डोळेच मिटले. मग चाकं करकरली आणि सिंहासन हळूहळू खाली आलं.

"होडीला फासतात ती?" सम्राटाला हसू आवरेना. "अहो, ही माझ्या आईच्या गावची दारू. इथे सगळे अमृत म्हणतात आणि गुपचूप कुंडीत ओततात. मला काय कळत नाही? बसा इथे. आधी हे खारवलेलं ऑलिव्ह चावा, मग एवढासाच घोट घ्या."

मुखियाने घेतला. "हां, आता उतरतेय घशाखाली. पण अमृत नाही हं!"

"नसू दे," सम्राट म्हणाला. "ज्याला एवढंसं खोटं पचत नाही, त्याची पोरं कसली हेर? सोडा त्यांना."

त्याच संध्याकाळी गलबत बेटाकडे निघालं. लेक बापाला अगदी चिकटून बसला होता.

म्हणून सांगते, भीतीपोटी गोड बोलण्यापेक्षा नम्रपणे खरं बोलावं, त्यानेच माणूस जवळ येतो.