महाराजांच्या मोटारीचं तोंड

ऐन दसऱ्याच्या दिवशी महाराजांच्या मोटारीनं तोंड मिटलं, ते काही केल्या उघडेना!

तोंड म्हणजे पेट्रोल भरायचं झाकण हो! पळसगडच्या धैर्यशीलराव महाराजांचं राज्य केव्हाच गेलं होतं, पण हुकूम सोडायची सवय काही गेली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी नवी मोटार आली, तेव्हा पुजाऱ्यानं विचारलं, "महाराज, हिला शेंदूर कुठं लावू?"

"जिथून पिते तिथं! तेच तिचं तोंड."

झालं! तेव्हापासून दर रविवारी भैरोबाला लावून उरलेला शेंदूर मोटारीच्या झाकणावर. मोटार धावायची कमी आणि पुजली जायची जास्त. राजवाड्यातून निघाली की देवळापाशी थांबायची, तिथून परत. एक टाकी आठ महिने पुरली, पण शेंदराचा थर तोवर बोटभर झाला.

आणि आज संध्याकाळी सीमोल्लंघनाला शिवेपर्यंत मोटारीतून जायचं, तर टाकी कोरडी ठणठणीत! तालुक्याहून मेकॅनिक आला. त्यानं पिशवीतून पेचकस काढला मात्र, महाराज कडाडले, "देवाच्या अंगाला पेचकस? चालता हो!" बिचारा पिशवी तिथंच टाकून पळाला.

मग महाराजांनी ड्रायव्हर भिवाजीला बोलावलं. "दिवस मावळायच्या आत झाकण उघडलं पाहिजे. हत्यार लावायचं नाही. शेंदूर खरवडायचा नाही. आणि कुणाचाही हात झाकणाला लागता कामा नये! नाही उघडलं, तर किल्ली ठेव आणि उद्यापासून घरी बस."

बावीस वर्षांची चाकरी! भिवाजी पडेल चेहऱ्यानं घरी आला. त्याची लेक गजरा घरचा तेलाचा घाणा चालवायची. बापाचं तोंड बघूनच तिनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

"आबा, काय झालं?"

"काय व्हायचंय! हात न लावता झाकण उघड म्हणतात. उद्या म्हणतील, तोंड न उघडता जेव!"

गजराला हसू आलं. "गाडीच्या आतून झाकणाचा खटका ओढला, तर आवाज येतो का?"

"येतो की! पण झाकण चिकटून बसलंय. जरा आत दाबून धरलं आणि खटका ओढला, तर टुणकन उघडेल. पण दाबणार कोण? हाताला बंदी!"

"बंदी हाताला, एवढंच ना? चला." गजरानं उन्हात तापलेली तेलाची कासंडी उचलली.

राजवाड्याच्या अंगणात मोटारीभोवती सगळे नोकरचाकर जमले होते. गजरानं महाराजांना मुजरा केला आणि थेट विचारलं, "महाराज, ही मोटार की देव?"

"देव! हे काय विचारणं झालं?"

"मग देवाला करतात ते सगळं हिला चालेल?"

"चालेल काय, झालंच पाहिजे!"

"मग हिला तेल कधी वाहिलंत? आठ महिने नुसता शेंदूर! मला कुणी आठ महिने असं लिंपलं असतं, तर मीसुद्धा तोंड मिटून घेतलं असतं!"

नोकरांनी तोंडाला उपरणी लावली. महाराजांच्या मिशा थरथरल्या. "वाहा तेल!" ते म्हणाले.

गजरा पळीनं झाकणाच्या फटीवर थेंब थेंब तेल सोडत बसली. पुजारी लगबगीनं निरांजन घेऊन आला, तशी ती ओरडली, "अहो, दिवा लांब न्या! हा देव पेट्रोल पितो!"

तासाभरात शेंदूर मऊ पडला आणि त्याची एक खपली घसरून खाली आली.

"थांब! शेंदूर काढलास!" महाराज गरजले.

"मी कुठं? भैरोबाच्या अंगावरचं शेंदराचं कवच सुटतं, तेव्हा कोण खरवडायला जातं? देवानं आपणच उतरवलं."

तेही खरंच! पण झाकण अजून मिटलेलंच. ऊन चिंचेच्या शेंड्यावर गेलं. भिवाजी सारखा मावळतीकडे बघत होता.

"तेल झालं. पुढं काय?" महाराजांनी विचारलं.

"पुढं नमस्कार! डोकं टेकवून. पहिला मान तुमचा."

"डोकं कुठं टेकवायचं? चाकांवर?"

"चाकं चिखलानं भरलीत, महाराज. जिथं शेंदूर, तिथं कपाळ! आबा, तुम्ही आत बसा. महाराजांनी डोकं टेकवलं की खटका ओढा."

महाराजांनी पगडी उतरवली, गुडघे कुरकुरवत वाकले आणि झाकणाला कपाळ लावलं.

"असं वरवर नको, महाराज. जरा मनापासून! जोर लावून!"

महाराजांनी डोळे मिटून कपाळ दाबलं. भिवाजीनं खटका ओढला. महाराजांनी मान मागं घेतली, आणि टुण्! झाकण उघडलं ते थेट त्यांच्या नाकावर!

"उघडलं! उघडलं!" एकच गलका झाला. भिवाजी तर गाडीतच रडायला लागला.

महाराज नाक चोळत उभे राहिले. कपाळभर शेंदूर फासलेला. ते हट्टी होते, पण खुळे नव्हते. डोळे बारीक करून ते म्हणाले, "गजरे, खरं सांग. देव पावला, की तू आमच्याकडून झाकण दाबून घेतलंस?"

"दाबून घेतलं, महाराज. तुम्ही बंदी घातलीत ती हाताला, कपाळाबद्दल बोलला नव्हतात! आणि झाकणाला हवा होता जोर. एकदा टेकलं की हटायचं नाही, असं डोकं सगळ्या पळसगडात दुसऱ्या कुणाचं आहे?"

पुजाऱ्यानं डोळेच मिटून घेतले. भिवाजीला वाटलं, आता नोकरीही गेली आणि लेकही!

आणि महाराज हसले! पोट धरधरून, शेंदूर डोळ्यांत उतरेपर्यंत हसले. हसता हसता त्यांनी बोटातली पाचूची अंगठी काढून गजराच्या हातावर ठेवली.

"भिवाजी, किल्ली खिशात ठेव, ती कुणी मागणार नाही. पेट्रोल भर! आणि पोरी, तू पुढं आमच्या मानाच्या जागेवर बस. आज शिलंगणाला आम्ही मागच्या सीटवर."