अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा

फार फार वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या एका राज्यात एक शब्दपंडित राहत होता. लांबच्या देशांतली गलबतं तिथल्या बंदरात येत, आणि त्या खलाशांची भाषा साऱ्या गावात त्या एकट्यालाच समजे. कुणी परका शब्द घेऊन आलं की पंडित आधी अर्थ सांगे, मग वाक्यात उपयोग करून दाखवी आणि दोन्ही आपल्या वहीत उतरवून ठेवी. ‘माहीत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नव्हते. गावाला याचं मोठं कौतुक होतं. खरं तर काळजी वाटायला हवी होती.

एका सकाळी एक कोळीण बरणी घेऊन त्याच्या दारी आली. तिची सहा वर्षांची हिरू तापातून नुकतीच उठली होती, पण पोरीच्या अंगात त्राण नव्हतं.

“गुरुजी, मासळीच्या बदल्यात खलाशानं ही पूड दिली. वर काय लिवलंय बघा. पोरीला चालंल का?”

पंडिताने बरणी फिरवून फिरवून पाहिली. शब्द अनोळखी होता. गलबत अजून धक्क्यालाच होतं. शंभर पावलं चालून विचारता आलं असतं. पण ओट्यावर चार माणसं बसली होती, आणि त्यांच्यादेखत विचारायला जायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने घसा खाकरला.

“अर्थ : शक्ती. वाक्यात उपयोग : आजारातून उठलेल्याला शक्ती येण्यासाठी ही पूड दुधातून द्यावी.”

कोळीण पाया पडून गेली. तिसऱ्या दिवशी हिरू वारली.

महिन्याभराने तेच गलबत पाणी भरायला परत आलं. कोळीण बरणी घेऊन धक्क्यावर गेली, आणि भाषा कळावी म्हणून पंडितालाही सोबत घेऊन गेली. आपल्या हातून माप तर चुकलं नाही ना, एवढाच घोर तिला लागला होता.

खलाशी बरणी पाहून म्हणाला, “हे विष आहे. लाकडाला कीड लागू नये म्हणून गलबताच्या तळाला फासतात.”

“काय म्हनतो त्यो?” कोळणीने विचारलं.

पंडिताला शब्द न् शब्द समजला होता. खरं बोलायची ही दुसरी संधी होती. सांगताना मला आजही राग येतो, पण तीही त्याने घालवली.

“म्हणतो, औषध चांगलंच आहे. जरा जास्त दिलं गेलं असेल.”

कोळीण आपल्या हातांकडे पाहत राहिली. “म्हंजे माज्याच हातानं,” ती म्हणाली.

पुढे त्या हातांनी तिने कुणाच्याही लेकराला घास भरवला नाही. तेच दुःख उराशी घेऊन काही वर्षांनी ती गेली.

तिच्यामागून पंडितही गेला. लोकांनी त्याची वही उघडली. शेवटच्या पानावर परका शब्द नव्हता, आपलेच दोन साधे शब्द होते :

‘माहीत नाही. अर्थ : सर्वांना ठाऊक आहे. वाक्यात उपयोग : त्या सकाळी मी “माहीत नाही” म्हणालो असतो, तर हिरू जगली असती.’

ज्या एका बाईने हे ऐकायला हवं होतं, ती तोवर उरली नव्हती.

तात्पर्य : ठाऊक नसताना ठाऊक आहे म्हणणाऱ्याची लाज राहते, पण तिची किंमत त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.