मिरीला हाक

“ती मागे का फिरत नाही, बाबा?” दौलत शितोळेने हसनशा फकिरांना विचारलं.

तो जमिनीवर पालथा पडून बिळात ओरडत होता. “मिरी! ए मिरी!”

खालून भुंकणं आलं.

घुशींनी फकिरांच्या तकियाची, त्यांच्या मठीची, जुनी भिंत पोखरली होती. “राहू देत त्यांना,” हसनशा फकीर म्हणाले होते. दौलतने ऐकलं नाही. तो त्यांच्याकडे ध्यान शिकायला यायचा, पण बोलायचा सगळं आपल्या टेरियर कुत्रीबद्दल. वीतभर उंचीची, खरखरीत केसांची मिरी. घूस दिसली की जीव गेला तरी न सोडणारी.

आज त्याने तिला बिळात सोडलं, आणि तिच्यामागे माती ढासळली. जेमतेम ती सरपटत येईल एवढी फट उरली. पहार लावली की भिंतच खचायची. खणणं थांबवावं लागलं.

“मी काय कमी केलं तिला?” दौलत म्हणाला. “रोज कान पुसतो. मेलेले केस बोटांनी उपसतो, कातर लावत नाही. माझ्याआधी ती जेवते.”

“बिळात सोडताना काय म्हणतोस?”

“काही नाही. नुसतं नाव. मागून नाव घेतलं की पुढे घुसते.”

“आणि परत बोलवताना?”

“परत...” दौलत अडखळला. “तशी वेळच आली नाही. घूस मारूनच येते ती.”

त्याने पुन्हा बिळाशी तोंड नेलं. “मिरी!”

भुंकणं आलं. आधीपेक्षा खोलातून.

फकिरांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

दौलतचे डोळे विस्फारले. हात बाजूला झाला. “म्हणजे मीच तिला... आत...”

फकिरांनी मान डोलावली.

“मी गप्प बसलो तर येईल?”

“बस.”

दोघे बसले. ऊन भिंतीवर चढलं.

खालून नखांची खरखर ऐकू आली. जवळ... आणखी जवळ. मग कण्हणं. दौलतने स्वतःची मूठ दातांत धरली. मनगटावरून रक्त ओघळलं, पण तो बोलला नाही.

माती घसरल्याचा आवाज झाला.

मग खरखर नाही, कण्हणंही नाही.

फकीर बिळाच्या तोंडाशी कान लावून बराच वेळ पडून राहिले. उठले तेव्हा त्यांच्या दाढीत माती होती.

“बाबा... हाक मारू?”

त्यांनी त्याची रक्ताळलेली मूठ हातात घेतली.

“मार, बेटा. आता मार.”