गालिचा तेवढा काढा!

"नाच ढोलकीमागे धावतो की ढोलकी नाचामागे?" रणधीरराजांनी भर दरबारात विचारलं. "नुसता मागे धावणारा मला नको. त्याला आजच हाकलतो!"

झालं! राजांच्या डोक्यात एकदा खूळ शिरलं की ते बाहेर काढायला ब्रह्मदेवही धजत नसे. धोंडबा ढोलकीवाल्याने ढोलकी पोटाशी घट्ट धरली. वीस वर्षं तो दरबारच्या नर्तकीच्या, बकुळेच्या नाचाला साथ करत होता. तिच्याविना वाजवायचं कुणासाठी?

बकुळेने मात्र कमरेवर हात ठेवले. "कुणी कुणामागे धावत नाही, महाराज. आम्ही बोलतो!"

"बोलता? मग डोळे-कान बंद करून बोला! एकदा जरी चुकलात तर दोघंही वेशीबाहेर!"

"चालेल. पण गालिच्यात पाय अडखळतो. तो तेवढा काढा!"

"काढा! त्या धोंडबाची गादीही काढा!" राजे खुशीत ओरडले.

धोंडबा चरफडत मंचाच्या उघड्या फळ्यांवर बसला. बकुळेची घुंगरं उतरली. दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या आल्या. कानांत बोळे कोंबण्याआधी राजे धोंडबाच्या कानात कुजबुजले, "मी ढोसलं की लय दुप्पट! तिला कळता कामा नये."

आता मेलो, धोंडबा मनात म्हणाला. त्याने ढोलकी फळीला टेकवली आणि थाप मारली.

बकुळा नाचू लागली. राजांनी खालूनच काठीने धोंडबाला ढोसलं. लय दुप्पट झाली आणि बकुळेचे पायही तिथल्या तिथे दुप्पट! चिडलेल्या राजांनी तिच्यापुढे तीच काठी आडवी धरली. काठीला अडून ती गचकन थांबली. त्याच क्षणी ढोलकी गप्प!

"चेटूक!" राजे किंचाळले.

बकुळेने स्वतःचे आणि धोंडबाचे पट्टी-बोळे काढले. "जोडे काढून वर या, महाराज. वाजव रे धोंडबा!"

राजे अनवाणी मंचावर चढले आणि टुणकन उडाले. थापेसरशी फळ्या थरथरल्या, तळव्यांना गुदगुल्या!

"तुम्ही आमचे कान बांधलेत. तळवे कुठे बांधलेत?"

"आणि हा धोंडबा? हा तर बसलेला होता!"

धोंडबा लाजून लाल झाला. "महाराज, आता कसं सांगू... ज्यावर बसलोय ना, त्यानंच ऐकतो!"

दरबार खो खो हसत सुटला. राजे पोट धरून हसले आणि हसता हसता त्यांचाच पाय ठेका धरू लागला.

"आता सांगा, महाराज," बकुळा म्हणाली, "तुमचा पाय ढोलकीमागे धावतोय. हाकलायचं का त्याला?"

"अगं, तो गालिचा तुझा! माझं सोन्याचं कडं धोंडबाचं!" राजे डोळे पुसत, गिरकी घेत ओरडले. "पण ढोलकी थांबवू नका रे!"