गव्याचं पहिलं पाणी

त्या दिवशी धुकं असं उतरलं होतं, की या झाडाला ते झाड दिसत नव्हतं. गवत दवानं निथळत होतं. सूर्य वर आला होता म्हणे, पण ऊन काही खाली पोचत नव्हतं. अशा गारठ्यात एका जंगलातला एक गवा ऐनाच्या झाडाखाली उभा राहून खूर आपटत होता. कशासाठी, ते सांगतो, बाळांनो. सावकाश ऐका.

त्या जंगलात पाऊस सरला, की भोपळ्याचे सामने सुरू होत. बेलफळाएवढा वाळका भोपळा घ्यायचा, त्याचं देठ दातात धरायचं आणि समोरच्यांना चुकवून माळाच्या पार त्यांच्या टोकाला नेऊन टेकवायचा, एवढाच खेळ. गव्याच्या संघात भोपळा ससा नेई, आणि त्याच्यापुढं गवा छाती काढून वाट मोकळी करत जाई. हंगामभर सगळे संघ एकमेकांशी खेळत. त्यातले वरचे दोन संघ पळस फुलला की मोठ्या सामन्याला उतरत. शिवाय तिथं एक रीत होती. जो संघ अजून हरलेला नाही, त्यानं डोहावर आधी पाणी प्यायचं; मोठा सामना झाला, की तो मान जिंकणाऱ्याचा. बाकीच्यांनी मागं थांबायचं. त्या हंगामात गव्याचा संघ एकदाही हरला नव्हता. गवा डोहावर आला की सांबर बाजूला होई, अस्वल बाजूला होई. डोहात पाणी सगळ्यांना पुरून उरेल एवढं होतं. पण ते बाजूला होणं गव्याला पाण्याहून गोड लागायला लागलं होतं.

आज हंगामातला शेवटचा साधा सामना होता, भेकरांशी. मोठ्या सामन्यातली गव्याची जागा आधीच पक्की झालेली. आज हरला असता तरी ती कुठं जात नव्हती. डोहावरचा मान तेवढा गेला असता. गवा ऐनाखाली खूर आपटत सशाची वाट बघत होता, आणि नेमका आज ससा लंगडत आला.

"दादा, मागच्या पायात बाभळीचा काटा मोडलाय," ससा म्हणाला. "पाय सुजलाय बघा. आजचा दिवस बसतो. पळस फुलेपर्यंत बरा होईन."

"आणि भोपळा कोण नेणार? ते मुंगूस?"

"नेईल की. हरलो तर हरलो. आज हरण्यानं आपलं काय जातंय?"

गव्याला ते बोलणं झोंबलं. "तुझं काही जात नसेल. सगळं जंगल म्हणेल, गवा हरला! अरे, मी पुढं असताना तुला कुणी शिवलंय का आजवर? एकदाच पळ. माझ्यासाठी पळ."

ससा आपल्या पायाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुम्ही पुढं असाल, तर पळतो."

सामना झाला. धुक्यातून गव्यानं भेकरांना दोन्हीकडे सारत वाट काढली. मागून ससा तीन पायांवर उड्या घेत येत होता. टोकाशी पोचता पोचता ओल्या गवतावर त्याचा सुजका पाय घसरला आणि अंगाखाली मुडपला. त्यानं देठ काही सोडलं नाही. सरपटत गेला आणि भोपळा टेकवला. माळावर एकच आरडाओरडा झाला. गव्यानं मान उंच केली आणि तडक डोहाकडे निघाला. पोटभर पाणी प्यायला. मग त्याला आठवण झाली. मागं वळून बघतो, तर ससा नव्हता. मुंगसानं त्याला ओढत करवंदीच्या जाळीत नेलं होतं. पाय मोडला होता.

पुढं पळस फुलला. मोठ्या सामन्यात समोर कोल्ह्याचा संघ होता. गव्यानं अंगात होती नव्हती ती ताकद लावली. पण तो वाट मोकळी करी, आणि त्या वाटेनं यायला मागं कुणी नसे. मुंगसाच्या तोंडून भोपळा दहादा सुटला. गव्याचा संघ हरला.

डोहावर कोल्हा आधीच उभा होता. "या, या, गवेराव!" तो म्हणाला. "जरा मागं थांबायची सवय करा आता." सगळे खो खो हसले. मग कोल्ह्यानं विचारलं, "पण तुमचा तो पळणारा कुठंय हो? त्याला कुठं ठेवून आलात?" यावर मात्र कुणी हसलं नाही. सांबरानं मान फिरवली. गव्याचे कान तापले. पाणी न पिताच तो परतला.

त्यानंतर गवा भर दुपारी, डोहावर चिटपाखरू नसताना, चोरासारखा जाऊन पाणी पिऊ लागला. ऐनाच्या शेजारी एक वारूळ होतं. त्यात एक म्हातारी घोरपड राहत असे. एके दिवशी ती उन्हाला येऊन पडली होती. गव्याला असा लपतछपत येताना बघून ती म्हणाली, "हरलास म्हणून तोंड लपवतोस होय रे?"

गवा वारुळापाशी थांबला.

"हरल्याचं काही नाही, आजी. मी त्याला म्हटलं होतं, तुला कुणी शिवणार नाही. आणि खरंच कुणी शिवलं नाही. त्याचा पाय मी मोडला. पाण्यासाठीही नाही, मागं थांबावं लागू नये म्हणून. आता कुठल्या तोंडानं जाऊ त्याच्याकडे?"

"मी जाते अधूनमधून," घोरपड म्हणाली. "दरवेळी मला विचारतो, 'दादा अजून रागावलेत का?' त्याला वाटतं, तो खेळला नाही म्हणून तुम्ही हरलात, आणि म्हणून तू तिकडं फिरकत नाहीस."

गव्याची मान खाली गेली ती वर येईना. मग तो तशाच खालच्या मानेनं करवंदीच्या जाळीकडे चालू लागला.

तात्पर्य : जाणाऱ्या गव्याला घोरपड मागून म्हणाली तेच. "आपलं जिंकणं चालू राहावं म्हणून सोबत्याला मोडू नये, बाबा. आणि मोडलंच, तर लाज घेऊन घरात बसू नये. तो वाट बघत असतो."