चित्रांगीची ढोली

पूर्वी एका अरण्यात चित्रांगी नावाची वृद्ध खार सर्व खारींचे अक्रोड आपल्या ढोलीत सांभाळीत असे. त्यांतले काही तिने पलीकडच्या माळावरच्या खारींना पेरण्यासाठी उसने दिले. हे पाहून कावळ्याने आवई उठवली, की ढोली रिकामी झाली. दारी झुंबड उडाली.

“आजी, आमचे अक्रोड आत्ताच द्या,” पिंगला नावाची खार म्हणाली.

“वसंतापर्यंत थांब. माझा शब्द आहे.”

“हिवाळ्यात काय तुमचा शब्द कुरतडू?”

चित्रांगीने स्वतःचा साठाही उपसला आणि शेवटच्या खारीपर्यंत सर्वांचे अक्रोड परत केले. भेदरलेल्या खारींनी ते घाईघाईने जिथेतिथे पुरले आणि जागा विसरल्या.

बर्फ पडल्यावर पिंगला उपाशीपोटी आली. “आजी, काही उरलंय?”

“अक्रोड नाही, आणि कुणाचे देणेही नाही,” चित्रांगी ताठ मानेने म्हणाली. “आत ये. माळावरचे अंकुर फुटेपर्यंत दोघी साल कुरतडू.”